खोली नंबर सदतीस, वापरात नाही

"साधा फोटो काय, कुणीपण काढतो," हे आमच्या हर्षदचं लाडकं वाक्य. बिल्डरच्या माणसांसमोर तो हे दिवसातून चारदा म्हणतो, आणि समोरचे लगेच माना डोलावतात. आपल्याला साधं काहीतरी मिळतंय असं कुणालाच वाटून घ्यायचं नसतं ना.

मी चेतना. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर 'सुस्पष्ट सर्व्हे सर्व्हिसेस' नावाची कंपनी आहे, तिची मी फोटोग्राफर. चाळी पाडायच्या आधी त्यात कोण कोण राहतं याचे फोटो काढायचे, हे आमचं काम. फोटोत दिसेल त्यालाच नव्या इमारतीत घर. हर्षद मालक. घाटकोपरला राहतो, गोड बोलतो, आणि पगाराच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

नाहूरच्या पंचशील चाळीचं काम आलं तेव्हा हर्षदनं बिल्डरला सांगितलं, सगळे फोटो एचडीआर. आता हे काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे पुढे जे झालं ते कळेल. चाळीतली खोली म्हणजे दहा बाय बारा. उजेड येणार तो फक्त दारातून. फोटोत आतला माणूस दिसला पाहिजे आणि दाराबाहेरची गल्लीही दिसली पाहिजे, नाहीतर खोली तीच कशावरून? पण गल्लीत रणरणतं ऊन आणि आत काळोख. गल्ली नीट घेतली तर माणूस काळा ठिक्कर, माणूस नीट घेतला तर दारात नुसता पांढरा फट्ट उजेड. म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवून एकामागोमाग पाच फोटो घ्यायचे, अगदी काळ्यापासून अगदी उजळपर्यंत. मग कॉम्प्युटर पाचांतलं चांगलं चांगलं उचलून एकच झकास फोटो बनवतो. पाच फोटोंना मिळून लागतात पंधरा सेकंद. त्यातला शेवटचा एकटाच आठ सेकंदांचा.

भिंत हलत नाही, कपाट हलत नाही, त्यामुळे त्यांचे फोटो सुरेख येतात. माणूस मेला हलतो. हलला की एका माणसाची तीन धुरकट माणसं दिसतात. त्याच्यावरही सॉफ्टवेअरकडे उपाय आहे. पाचातल्या तीन फोटोंत जे एकाच जागी दिसेल ते खरं, बाकी सगळं कचरा म्हणून पुसून टाकायचं. बहुमताचं राज्य! हर्षदनं हे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, कारण बिल्डरला फोटो 'क्लीन' हवे होते.

फ्लॅश मारून माझ्या आईच्या मोबाइलनं हे काम एका क्लिकमध्ये झालं असतं. पण त्याचे खोलीमागे एवढे पैसे कोण देणार?

दोनशे बारा खोल्या मी नऊ दिवसांत काढल्या. प्रत्येक घरात तेच सांगायचं, "पंधरा सेकंद हलायचं नाही हं." लोक जमेल तेवढं ऐकायचे. तेवीस नंबरमधली तिन्ही पोरं फोटोतून गायब झाली, पण आजी शाबूत राहिली, आणि घरातलं एक माणूस दिसलं तरी चालत होतं. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. फोटो मशीननं जोडले, मशीननं मोजले, यादी मशीननं छापली. आम्ही माणसांनी काय केलं म्हणाल, तर जेवणाच्या सुट्टीत जेवलो.

यादी लागल्यावर तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आमच्या ऑफिसात आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. पायात चपला होत्या, त्या त्यांनी दाराबाहेर काढल्या. आमच्या ऑफिसात कुणी चपला काढत नाही. फरशी बघितलीत तर तुम्हीही काढणार नाही.

"जय भीम मॅडम," ते म्हणाले. "मी अंबादास. सदतीस नंबर. तुम्ही आला होता ना आमच्याकडे?"

"जय भीम काका. बसा."

बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. यादीची झेरॉक्स होती. खोली नंबर सदतीस: वापरात नाही. छायाचित्रात राहणारी व्यक्ती आढळली नाही. अपात्र. हरकत सात दिवसांत.

"मी तर घरातच होतो," ते म्हणाले. रागानं नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल असा त्यांचा सूर होता, आणि मला तोच सहन होईना. "एकेचाळीस वर्षं तिथं राहतोय मी. लाइट बिल आहे, रेशन कार्ड आहे. बिल्डरचे साहेब म्हणतात, कागद असतील हो, पण तुम्ही गावाला राहत असाल. आता जालन्यात माझं कोण राहिलंय? बायको चंपा, तीही गेली चार वर्षांपूर्वी. ही खोली गेली तर मी जाऊ कुठं?"

मी फाइल उघडली. फोटो बघून माझी मलाच शिसारी आली, इतका तो सुंदर होता! दाराबाहेरच्या गल्लीतली तुळस दिसत होती, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीची रेघ न् रेघ दिसत होती, लोखंडी खुर्चीच्या विणलेल्या पट्ट्या मोजता आल्या असत्या. आणि खुर्ची रिकामी.

मग मी मूळचे पाच फोटो काढले. पहिला अगदी काळा, त्यात खुर्चीत एक सावली, हात दोन्ही दांड्यांवर टेकवून उठण्याच्या बेतात. दुसऱ्यात काका उभे. तिसऱ्यात खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसतायत. चौथ्यात काका नाहीतच, कडेला नुसतं एक कोपर. पाचव्यात, त्या आठ सेकंदांच्या फोटोत, कॅमेऱ्याच्या दिशेनं येणारा एक पुसट पट्टा, आणि त्याच्या टोकाला पाण्याचा ग्लास.

तो ग्लास मी ओळखला. ते पाणी मी प्यायले होते.

आठवलं सगळं. मी बटण दाबून मोबाइल बघत उभी होते. काका म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही उभ्या, आणि मी बसलोय, बरं दिसतं का ते? बसा की." आणि मी पाणी घेतलं, थँक यू म्हटलं, आणि स्टँड उचलून अडतीस नंबरला गेले. एवढी हुशार मी! पाहुणीला बसायला द्यावं म्हणून माणूस उठला आणि त्यासाठी त्याचं घर गेलं. खरं सांगते, मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"काका, मी सांगितलं होतं ना, हलू नका म्हणून?" तरीही मी म्हणालेच. आपली चूक कळली की माणूस आधी दुसऱ्याची शोधतो.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण अडतीस वर्षं शिपाई होतो मी, मॅडम. आमच्या हापिसात साहेब आत आले की उभं राहायचं, बाहेर गेले की उभं राहायचं. मधे बसायला स्टूल होतं, पण ते नावाला. आता कुणी गळ्यात कार्ड घालून दारात आलं की पाय आपोआप उठतात. मी नाय उठवत त्यांना."

मी त्या पाच फायली घेऊन हर्षदच्या केबिनमध्ये गेले.

"अगं चेतना, टेन्शन कशाला घेते यार," हर्षद म्हणाला. "एक खोली इकडेतिकडे होणारच. दोनशे बारात एक. पॉइंट पाच टक्के पण नाही."

"तुझं घर गेलं तर ते किती टक्के रे?"

"पर्सनल नको जाऊस. हे रॉ फोटो बाहेर दिले तर उद्या बिल्डर म्हणेल बाकीच्या खोल्या पण उघडा. माझी वाट लागेल."

"तुझी लागेल की नाही माहीत नाही, त्यांची लागलीय."

"तू प्लीज हळू बोल ना."

मी हळू बोलत नाही. गोवंडीत वाढलेय मी. आमच्याकडे हळू बोललेलं शेजारणीलासुद्धा ऐकू येत नाही. मी इतकं मोठ्यानं बोलले की शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यातला मिथुन काय झालं ते बघायला आला. शेवटी हर्षदनं बिल्डरच्या ऑफिसात फोन लावला, केवळ मी गप्प बसावं म्हणून.

तिथले अधिकारी विद्याधर. मुलुंडचे. कागद सरळ ठेवला नाही तर ज्यांना जेवण पचत नाही अशांतले. मी ते पाच फोटो नेऊन दाखवले, तर म्हणाले, "यात चेहरा कुठे आहे? कोपर ही व्यक्ती होत नाही."

"साहेब, पण कोपर कुणाचं तरी असणारच ना?"

"तो माझा विषय नाही. फेरछायाचित्रणाची तरतूद आहे. एकदाच. त्याच पद्धतीनं, त्याच सॉफ्टवेअरवर. आणि पडताळणी अधिकारी खोली क्रमांकाची आणि तारखेची पाटी धरून छायाचित्रात दिसला पाहिजे. म्हणजे मी. शनिवारी अकरा वाजता येतो. त्या दिवशीही गृहस्थ दिसले नाहीत तर फाइल बंद."

म्हणजे अंबादासकाकांना आता पंधरा सेकंद खुर्चीत बसायचं होतं, आणि तेही साहेब शेजारी उभे असताना! नियम करणाऱ्याला माणसाची दुखरी जागा बरोब्बर सापडते, आणि बिचाऱ्याला ते माहीतसुद्धा नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी नाहूरला गेले, सराव करून घ्यायला. काकांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिले. एक, दोन, तीन मोजायला लागले. सातला काका उठले.

"काका!"

"चुकलं, चुकलं. परत घ्या."

दुसऱ्यांदा नऊपर्यंत गेले. तिसऱ्यांदा शेजारची अक्षता चहा घेऊन दारात आली, आणि काका पाचालाच उभे. मग मी अक्षतालाही उभं केलं. दोघी बाया कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि मधे हा गृहस्थ इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखा डोळे मिटून. बाराला ते उठलेच.

"चंपा असती तर धरून बसवलं असतं तिनं मला," ते म्हणाले आणि हसले. मग हसू मावळलं. "मॅडम, नाय जमलं तर?"

"मॅडम नाही, चेतना म्हणा. मी तुमच्या मुलीच्या वयाची. आणि जमेल."

जमेल म्हणाले खरी, पण घरी जाताना मला रडू येत होतं. बारापर्यंतच आलो होतो, आणि उद्या समोर चेतना आणि अक्षता नव्हे, खराखुरा साहेब असणार होता.

शनिवारी विद्याधर अकराला दोन मिनिटं असताना आले. हातात पाटी होती. एवढ्या मोठ्या कंपनीनं शाळेतली काळी पाटीच दिली होती, तिच्यावर खडूनं सदतीस आणि तारीख. मी स्टँड लावून, लॅपटॉप जोडून तयार. काका खुर्चीत. विद्याधर उंबऱ्यातून आत आले मात्र, काका ताडकन उभे!

"या साहेब, या. बसा."

"काका," मी म्हणाले. एवढंच म्हणाले, पण अक्षता सांगते की गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं.

काका बसले. विद्याधर शेजारी उभे राहिले, पाटी छातीशी धरून. मी बटण दाबलं.

पहिला फोटो. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या आवळल्या होत्या. दुसरा. नजर दाराबाहेर, कपाळावर घाम. मी मनातल्या मनात मोजत होते. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. विद्याधरांचा.

"हॅलो? हां बोला. नाही नाही, साइटवर आहे," असं म्हणत साहेब पाटी खाली करून मोरीकडे गेले, तिथून दाराकडे गेले, तिथून परत आले. साहेब हिंडत होते आणि काका बसून होते. खुर्चीची पट्टी करकरली, पण ते उठले नाहीत. चौदा. पंधरा.

"झालं!" मी ओरडले. अक्षतानं दारात टाळ्या वाजवल्या.

कॉम्प्युटरनं पाच फोटो जोडले आणि पडद्यावर एक फोटो आला. अहाहा! अंबादासकाका एकदम लख्ख. शर्टाची इस्त्री, दाढीचे पांढरे खुंट, दांडीवरच्या मुठी, सगळं. मागे गल्ली, उन्हात. विद्याधर माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

"मी कुठे आहे?"

"तुम्ही नाही आहात, साहेब."

"नाही म्हणजे? मी इथेच तर होतो!"

"काकाही त्या दिवशी इथेच होते, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानं काय फरक पडणार होता? खोलीभर शोधलं तरी साहेबांचं कोपरसुद्धा सापडत नव्हतं.

"हे सॉफ्टवेअर सदोष आहे," ते म्हणाले.

"छे हो! तुमच्या यादीतल्या दोनशे बारा खोल्या यानंच ठरवल्यात. याच्या मते सध्या तुम्ही वापरात नाही, एवढंच."

अक्षता तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. विद्याधरांचे कान लाल झाले. त्यांनी कागद काढला आणि नियम वाचायला लागले, आणि माझं हसू तिथंच जिरलं, कारण नियमात लिहिलं होतं ते मलाही पाठ होतं. पडताळणी अधिकारी छायाचित्रात दिसला पाहिजे. फेरछायाचित्रण एकदाच. आता हे साहेब म्हणाले असते की झालं ते झालं, फाइल बंद, तर मी काय करणार होते? ओरडणार होते. ओरडून एवढ्या वर्षांत कुणाचं घर वाचलंय?

विद्याधर कागदाकडे बघत होते, मग पडद्याकडे, जिथे ते नव्हते.

तेव्हा काका बोलले. खुर्चीतूनच.

"साहेब, परत घ्या."

"नियमानुसार एकदाच—"

"हां, पण तो माझ्यासाठी आहे ना नियम? मी दिसलो. आता तुमचा राहिलाय." ते शांतपणे सांगत होते, ऑफिसात नव्या माणसाला कपाट कुठलं ते दाखवावं तसं. "फोन तिकडं ठेवा. आणि इथं उभं राहा. पंधरा सेकंद असतात. मोठे असतात, पण सरतात."

मला वाटलं, आता साहेब भडकणार. पण आपण दिसलोच नाही हे त्यांना चांगलंच लागलं असावं. त्यांनी मुकाट्यानं फोन ओट्यावर ठेवला आणि पाटी घेऊन खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.

"पाटी सरळ धरा, साहेब," काका म्हणाले. "नंबर दिसला पाहिजे."

साहेबांनी पाटी सरळ धरली.

मी बटण दाबलं. या वेळी मी मोजलंसुद्धा नाही, नुसती बघत राहिले. विद्याधर श्वास कोंडून ताठ उभे, डोळ्यांची पापणी हलेल म्हणून घाबरलेले. आणि अंबादासकाकांनी दांड्यांवरच्या मुठी सोडल्या होत्या. एक हात मांडीवर ठेवला होता, पाठ खुर्चीला टेकली होती. अडतीस वर्षांत कुणी त्यांना असं बसलेलं बघितलं असेल की नाही, कोण जाणे. माझे डोळे भरून आले, आणि लाज कसली, आले तर आले.

फोटो आला. दोघेही स्पष्ट. खुर्चीत अंबादासकाका, शेजारी पाटी धरून उभे विद्याधर.

साहेबांनी तो बराच वेळ बघितला. मग घसा खाकरून म्हणाले, "हे जरा... हे रेकॉर्डला जाणार ना? हे बसलेले आणि मी असा पाटी घेऊन उभा. आता आलंच आहे सगळं व्यवस्थित, तर दोघंही उभे राहून एक घेऊ या का? बरं दिसेल."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, उठले आता. इतक्या अदबीनं सांगितल्यावर हा माणूस बसून राहणार नाही.

"साहेब, हे घर कुणाचं, एवढंच बघायला आलात ना तुम्ही?" काका म्हणाले. "मग जो बसलाय त्याचं."

विद्याधरांनी फॉर्म काढला. खोलीत इकडेतिकडे बघितलं, लिहायला कुठं बसता येईल म्हणून. खुर्ची एकच होती. शेवटी त्यांनी भिंतीला कागद टेकवला, 'वापरात' असं लिहिलं, आणि उभ्या उभ्याच सही केली.